दंड घातलेले लुगडे

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण मला कोणी ऐकविली नव्हती. हैदराबादेहून परततांना ती आपण होऊन मनात येऊन बसली आणि आदिलाबादचे स्टेशन आले तरी उठेना.

दीड दिवसाच्या मुक्कामात १५९१ सालचा चारमिनार, मुहम्मद कुत्बशाहाने १६१७ साली आरंभिलेली व औरंगजेबाच्या अंमलात पुरी झालेली मक्का मशीद, सालारजंग संग्रहालय आणि उन्हे उतरता उतरता गोवळकोंडा, एवढे सगळे मी उरकले. त्याला दर्शन म्हणण्यापेक्षा हजेरी म्हणणेच रास्त. गोवळकोंड्याच्या फत्ते दरवाजात वाजविलेली टाळी वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते, म्हणून मीही वाजविली. पण ती ऐकण्यासाठी वर माझे असे कोणीच नव्हते.

तथापि ही म्हण ज्याने केली त्याने वाकळ शिवलेली नसावी. आदिलाबादेसारख्या कापसाच्या गावात राहूनही आमच्या आजीने गादीसाठी कधी कापूस विकत आणिला नाही. तिच्या गाठोड्यात आजोबांच्या धोतराचे काठ, आमच्या सदऱ्यांच्या बाह्या, कोणा सोयऱ्याने आहेर केलेल्या खणाचा उरलेला कोपरा, अशा चिंध्याच असत, आणि दुपारची भांडी आटोपली म्हणजे ती ओसरीवर लुगडे अंथरून, त्याच्या कोपऱ्यावर वरवंटा ठेवून, एकेक चिंधी तळव्याने दाबीत, जणू विस्कटलेले दप्तर लावावे तशी, बसवीत जाई. मात्र ते खालचे लुगडे धड लागे. विटके चाले, फाटके चालत नसे.

म्हणजे म्हण खरीच म्हणावयाची काय? मग माझ्या चिंध्यांखाली अंथरण्याजोगे धड ते कोणते? जवळच्या जैनथच्या देवळातील परमार जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख मी लहानपणापासून पाहात आलो, वाचिला कधीच नाही. जिल्हा म्हणावा, तर १९५६ साली किनवट-राजुऱ्याकडचा मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला आणि आमची मराठी इकडेच राहिली. पुढे २०१६ साली उरलेल्याचेही चार जिल्हे झाले. सोयरिकी अजून पैनगंगेपलीकडे होतात, खटले मात्र अलीकडे चालतात! हैदराबादेत मला परगावचा समजले, त्यात त्यांचे काय चुकले, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

रात्री थंडी होती म्हणून वाकळ काढली आणि सहज उलटी करून दिव्याजवळ नेली. खालचे लुगडे अखंड नव्हतेच. मधला विरलेला भाग काढून, दोन्हीकडचे तुकडे जोडून आजीने त्याला दंड घातला होता. तो मी बोटाने चाचपून पाहिला. टाके इतके बारीक होते की इतक्या वर्षांत तो अंगाला कधी लागला नव्हता.