वाळीत टाकण्याचा हक्क

मानवतावाद हा शब्द मराठीत इतका सैल वापरला जातो की पूरग्रस्तांना धान्य पोचवणारे मंडळ, रक्तदान शिबिराचा आयोजक आणि सर्व धर्म सारखेच असे सांगणारा कीर्तनकार हे तिघेही मानवतावादी ठरतात. कायद्याच्या आणि धर्मचिकित्सेच्या अभ्यासात मात्र या शब्दाला अधिक नेमका अर्थ आहे. एखादी प्रथा, ग्रंथ किंवा संस्था तपासताना अखेरचे माप म्हणून जिवंत, एकेकटी व्यक्ती धरायची आणि जात, जमात, पंथ, राष्ट्र यांचे मूल्य त्या व्यक्तीच्या संदर्भातच मोजायचे, असा तो विचार आहे. मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1948 साली स्वतःचा पक्ष विसर्जित करून हा विचार चळवळ म्हणून पुढे नेला, आणि वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी व मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यामुळे तो महाराष्ट्रात नुसता परका पाहुणा राहिला नाही. त्याची खरी कसोटी व्याख्यानमालांत लागत नाही. ती बहिष्काराच्या प्रश्नापाशी लागते.

दिवाळी अंकांचे संपादक या विषयावर लेख मागतात तेव्हा ‘धर्म मोठा की कायदा’ असे शीर्षकही बहुधा सोबत पाठवतात, आणि वाचकही त्याच उत्तराची वाट पाहत असतो. हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. बहिष्काराच्या खटल्यात धर्म आणि कायदा यांच्यामध्ये एक तिसरा पक्ष उभा असतो, आणि तो बहुतेक वेळा त्याच धर्माचा श्रद्धाळू अनुयायी असतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य उठले, म्हणजे धर्मबाह्य वर्तनाबद्दल जातीने चौकशी व शिक्षेचा जो खटाटोप केला, त्यात रानडे आणि टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एवढ्या वजनाच्या माणसांना जे चुकले नाही, ते कोकणातल्या एखाद्या वाडीतील कुटुंबाला कसे चुकावे? गावकीने वाळीत टाकलेल्या घराशी कोणी बोलायचे नाही, दुकानातून त्याला मीठमिरची द्यायची नाही, पालखी त्याच्या दारी थांबवायची नाही, आणि बोलताना आढळेल त्याच्याकडून दंड घ्यायचा. दंडाचा हा शेवटचा नियम सर्वांत परिणामकारक असतो, कारण त्यामुळे शेजाऱ्याची सहानुभूतीसुद्धा महाग होते.

या प्रथेला पहिला थेट कायदेशीर शह मुंबई प्रांताने 1949 साली बहिष्कार-प्रतिबंधक अधिनियम करून दिला. कोणत्याही समाजाने आपल्या सदस्याला बहिष्कृत केले तर तो बहिष्कार विधिग्राह्य नाही, असे त्याने ठरवले. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 9 जानेवारी 1962 रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी तो रद्द ठरवला. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे होते की, श्रद्धेची शिस्त राखण्यासाठी बहिष्कृत करणे हा पंथाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग आहे, त्या व्यवहाराचे नियमन पंथानेच करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 26 ने दिला आहे, आणि त्यामुळे व्यक्तीचे नागरी हक्क बाधित झाले तरी तो हक्क लोपत नाही. एकट्या सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे मत वेगळे पडले. मशीद, जमातखाना आणि कब्रस्तान यांना मुकलेला माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, म्हणून हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद 17 च्याच दिशेचा आहे, असे त्यांनी मानले. बहुमताने पंथाकडे पाहिले, सिन्हांनी पुरायला जागा नसलेल्या प्रेताकडे पाहिले.

येथे थोडा तांत्रिक भाग टाळता येत नाही. अनुच्छेद 25 व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य देतो, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि त्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन ठेवतो. अनुच्छेद 26 संप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क देतो, आणि त्यात पहिल्या तीन मर्यादा आहेत, चौथी नाही. या गाळलेल्या चार शब्दांवर जितकी शाई खर्च झाली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर झाली असेल. त्यातच 1954 च्या शिरूर मठाच्या निकालापासून ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ ही कसोटी रूढ झाली, म्हणजे जी प्रथा धर्माच्या गाभ्यातली असेल तिलाच संरक्षण. तो गाभा त्या धर्माच्या सिद्धान्तांवरूनच ठरवायचा, असे तेव्हा म्हटले होते. पण 1961 मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निव्वळ अंधश्रद्धेतून उपजलेल्या प्रथा गाभ्याबाहेर ठेवल्या. साताऱ्याच्या शास्त्र्यांच्या घरात वाढलेल्या या सुधारक न्यायाधीशाचा हेतू उदार होता याबद्दल शंका नाही. परंतु त्यामुळे न्यायाधीश धर्मशास्त्र्याच्या पाटावर बसला, आणि ज्याला पोथी अधिक पाठ त्याची बाजू बळकट झाली. सुधारणावाद्यांना ही कसोटी अजून प्रिय आहे, हे अभ्यासकाला थकवणारे आहे. कारण 1962 च्या निकालाने दाखवून दिले त्याप्रमाणे एखादी क्रूर प्रथा खरोखरच धर्माच्या गाभ्यातली निघाली, तर हेच शस्त्र उलटते. प्रथा किती जुनी किंवा किती मूलभूत आहे हे न विचारता ती माणसाचे काय करते हे विचारावे, एवढेच मानवतावाद्याचे म्हणणे आहे. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे 2018 च्या शबरीमला निकालातील मत या दिशेने बरेच पुढे गेले.

महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदा संमत करून जवळपास हीच वाट धरली. जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेली मोहीम त्यामागे होती. जुलै 2017 पासून लागू असलेला हा कायदा धर्माची व्याख्या करत बसत नाही, तो कृत्ये मोजतो: लग्न वा अंत्यविधी अडवणे, स्मशान, रस्ता, शाळा किंवा सभागृह नाकारणे, व्यवहार तोडणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तरीही हा कायदा निर्दोष नाही. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने गुन्हा आपसात मिटवता येतो, आणि ज्या गावात साक्षीदार, आरोपी व पीडित यांची शेते एकाच बांधाला लागलेली असतात तेथे संमती म्हणजे काय, हे कागदावरून कळत नाही. 1949 चा अधिनियम याच कायद्याने निरसित केला, तरी 1962 च्या निकालाचा फेरविचार व्हावा यासाठी बोहरा सुधारकांच्या संघटनेने 1986 साली केलेली याचिका 10 फेब्रुवारी 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवली.

पोलीस पाटलाने समजूत काढून परत पाठवले की दाद संपली, असा समज खेड्यांत फार आहे. तो खोटा आहे. या कायद्याखाली वाळीत टाकलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबातील कोणालाही पोलिसांकडे तक्रार देता येते, आणि थेट दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते.