रिकामी गाडी का ठोकते?

"पिकअपच्या आवाजांवर लिहा, पण आमच्या वाचकाला समजेल असं लिहा," असं संपादकांनी सांगितलं. अकोल्यात गॅरेज चालवताना कमानीचं काम मी आयुष्यभर केलं आहे, त्यामुळे नाही म्हणवलं नाही. काही शब्द मात्र आधी सांगतो. मागच्या अ‍ॅक्सलवर लहानमोठ्या पोलादी पट्ट्यांची चवड असते, ते पाटे; सगळी चवड मिळून कमान. पाट्याचं एक टोक झुलतं ठेवणारी कडी म्हणजे शॅकल. सांध्यातलं रबर म्हणजे बुश. आणि पाट्यांची उसळी आवरणारी तेलाची नळी म्हणजे शॉकअप.

गेल्या हंगामातली एक गाडी अजून डोक्यातून जात नाही. वरूडकडचे एक संत्रा वाहतूकदार ती घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, भरली असली त काईच नाई. खाली झाली का मांगून ठोकते." बऱ्याच ठिकाणी दाखवून झालं होतं. शॉकअप बदलले होते, बुश बदलले होते, शॅकलच्या पिनाही नव्या होत्या. काही दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तीच ठकठक.

मालकाने सांगितलेल्या त्या दोन वाक्यांत निम्मं निदान होतं. आवाज कसला, यापेक्षा आवाज केव्हा, हे आधी विचारावं लागतं. उन्हाळ्यात करकर आणि पावसात गप्प, तर पाटे किंवा बुश कोरडे आहेत. पाट्यांवर पाणी मारून पाहिलं की लगेच कळतं. गाडी उचलताना किंवा रिव्हर्सला एकदाच 'टक' झालं, तर चाकं फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा (क्रॉस) नाहीतर पाटे आवळून धरणारा यू-बोल्ट ढिला. वेगासोबत वाढणारी गुणगुण असेल, तर ती बहुधा बेअरिंगची किंवा टायरची. तिच्यासाठी कमान खोलू नये. लोक मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात आणि त्यावरून भाव विचारतात. पण खालच्या सुराचा ठोका त्या छोट्या माइकमध्ये नीट उतरत नाही. शिवाय चासी लोखंडाची. मागचा ठोका तिच्यातून वाहत ड्रायव्हरच्या सीटखाली ऐकू येतो.

चाचणीचा रस्ताही योग्य हवा. अमरावती-अकोला महामार्गाचा लोणी ते माना हा पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात गेला. वऱ्हाडाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण अशा गुळगुळीत रस्त्यावर गाडी फिरवून "आवाज नाही" म्हणण्यात अर्थ नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. मी गाडी पांदणीवर नेतो, अगदी सावकाश, आणि एक माणूस मागच्या चाकासोबत चालवतो.

त्या पिकअपचा ठोका चाक खड्ड्यात आदळताना येत नव्हता. चाक खाली सुटताना येत होता. मग रिकामी गाडी सपाट जागी उभी करून शॉकअप मोजला. दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला होता, उरलेली चाल दोन बोटंही नव्हती. चाक जरा खाली गेलं की आतला दट्ट्या वरच्या टोकाला आपटायचा. मालकाने जादा माल भरता यावा म्हणून दोन्ही बाजूंना पाटे वाढवून घेतले होते. गाडी उंच झाली, शॉकअप मूळ लांबीचेच राहिले. भरल्यावर पाटे दबत, दांडा आत जाई आणि आवाज बंद होई. नव्या शॉकअपचं आतलं रबर झिजेपर्यंत तेवढी शांतता मिळत होती.

पाटे वाढवण्याबद्दल मला सविस्तर बोललंच पाहिजे, कारण यावर माझं अनेक मिस्त्रींशी वाजतं. पाच पाट्यांवर तशाच जाडीचे दोन घातले, तर कडकपणा सुमारे 40 टक्के वाढतो. जाडीचा हिशोब याहून कठीण आहे, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 7 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटरचे पाटे बसवले, तर तो जवळपास दीडपट होतो. पाटे कडक झाले म्हणून अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक आणि चासी यांची ताकद वाढत नाही. गाडी बसत नाही, एवढंच दिसतं, आणि मालकाला वाटतं की गाडीला माल झेपतो.

सर्वांत मोठा धोका ब्रेकचा आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासी आणि अ‍ॅक्सल यांतलं अंतर किती, यावरून तो माल ओळखतो. अंतर कमी झालं की गाडी भरलेली आहे असं समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. हीच गाडी माल भरून चिखलदऱ्याच्या घाटात उतरते, तेव्हा जादा ताण पुढच्या ब्रेकवर येतो.

हे सगळं मी मालकांना गाडीखाली नेऊन दाखवलं. वाढवलेले पाटे काढू, असं सांगितलं. आंबिया बहाराच्या संत्र्यांचा हंगाम तोंडावर होता. ते म्हणाले, हंगाम गेल्यावर पाहू. नंतर कळलं की त्यांनी दुसरीकडे लांब शॉकअप बसवून घेतले. ठकठक थांबली. ब्रेकचा धोका तसाच राहिला. तो आवाज हीच त्या गाडीची एकमेव तक्रार होती आणि आता तीही ऐकू येत नाही, याचीच मला काळजी वाटते.

पाट्यांवर जळकं ऑइल ओतणं हाही आवाज दाबून दोष झाकण्याचाच प्रकार आहे. करकर जाते, पण ऑइल झिरपून बुशचं रबर फुगतं आणि सडतं. असे उपाय चालतात, कारण लोक पार्टचे पैसे खुशीने देतात; दोष शोधण्यात गेलेल्या दुपारचे पैसे मागितले की "काही बदललं तर नाही" म्हणतात. म्हणून मिस्त्रीही पार्ट बदलत सुटतात.

कायदाही यात स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करू देत नाही. जादा मालाला कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे.

संत्रा आणि कापूस दोन्ही आता रस्त्यावर येतील. पिकअपवाल्या भावांना माझं सांगणं एवढंच: गाडी रिकामी असताना ठोकत असेल, तर आधी वाढवलेले पाटे मोजा आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह तपासून घ्या. आवाज कुठून येतो हे दाखवल्याशिवाय कुणालाही पार्ट बदलू देऊ नका. जास्त माल असेल, तर दुसरी फेरी करा.