आधी आवाज, मग हादरा

कोयनेच्या खोऱ्यात भूकंप आधी ऐकू येतो आणि मग जाणवतो. पाटण तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो, छपराचे पत्रे थरथरतात आणि पाठोपाठ पायाखालची जमीन आडवी हिसकते. बदली होऊन आलेले शिक्षक पहिल्या हादऱ्याला जागीच खिळतात. इथली मुलं मात्र आवाज आला की विचार न करता दाराकडे धावतात. ही सवय म्हणजे भौतिकशास्त्राचा एक अख्खा धडा आहे, हे विज्ञान शिकवायला लागल्यावर मला उमगलं. तेव्हापासून तो धडा मी पुस्तकातून सुरू करत नाही.

नववीला ध्वनी शिकवताना अनुतरंग आणि अवतरंग येतात. माध्यमाचे कण तरंगाच्या दिशेनंच पुढेमागे हलले तर अनुतरंग, काटकोनात हलले तर अवतरंग. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. एका वर्षी हाच धडा चालू असताना पहाटे धक्का बसला. सकाळी वर्गात दुसरा विषयच नव्हता. मी फळा पुसला आणि म्हटलं, काय काय झालं ते क्रमानं सांगा.

"बाई, आधी घुमलं, मग पत्रा वाजला, मग कॉट हालली."

हेळवाककडून येणारा मुलगा म्हणाला, "आमच्याकडं मधी वेळच नाही. आवाज आन् हिसका एकदमच." एका मुलीची मावशी कराडला असते. तिला आवाज आलाच नव्हता. खिडकीच्या काचा किणकिणल्या म्हणून ती उठून बसली आणि त्यानंतर, चांगल्या चार-पाच सेकंदांनी, पलंग हलला.

तीन गावं, तीन साक्षी. मला हवं होतं ते सगळं फळ्यावर आलं होतं.

खोल खडक तुटतो तेव्हा दोन्ही जातींचे तरंग एकाच क्षणी निघतात. खडक दाबत आणि सैल करत जाणारा अनुतरंग कठीण खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावतो, तर खडकाला आडवा हिसका देत जाणारा अवतरंग जेमतेम साडेतीन. भूगोलाच्या पुस्तकात यांनाच प्राथमिक आणि दुय्यम लहरी म्हणतात. जितकं अंतर जास्त, तितका दुसरा मागे पडतो. पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून वीज किती लांब आहे ते काढतात, तसंच इथे करता येतं. मधल्या सेकंदांना आठनं गुणलं की खडक आपल्यापासून किती किलोमीटरवर तुटला ते अंदाजे कळतं. कराडच्या मावशीचं उत्तर चाळीसच्या आसपास येत होतं. मुलीनं तो गुणाकार फळ्यावर स्वतः केला. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मग आवाजाचं काय? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. दहा किलोमीटरवरून तो हवेतून आला असता तर जमीन हलून गेल्यावर जवळजवळ अर्ध्या मिनिटानं ऐकू आला असता. तो आधी येतो, कारण तो बहुतेक सारा रस्ता खडकातून कापतो. अनुतरंग आपल्या अंगणापर्यंत पोचतो, तिथली जमीन बारीक थरथरते आणि तिच्या वरची हवा थरथरवते. लहान भूकंपांत, उगमाच्या जवळ, ही थरथर सेकंदाला वीसपेक्षा जास्त वेळा होते, म्हणजे आपल्या कानाच्या टप्प्यात येते. कराडपर्यंत जाताना खडक नेमकी हीच जास्त वारंवारतेची कंपनं लवकर गिळतो. मावशीला आवाज आला नाही तो यामुळे.

तरंगलांबी मी त्याच दिवशी उरकली. सेकंदाला तीस कंपनं आणि सहा किलोमीटर वेग म्हणजे तरंगलांबी 200 मीटर. सेकंदाला दोन कंपनांचा अवतरंग घेतला तर पावणेदोन किलोमीटर. एवढ्या लांबीत आमचं गाव शेतांसकट मावतं.

दुपारी वर्ग मैदानावर नेला. मुलांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं केलं आणि टोकाच्या मुलाला हलकेच बाजूला ढकललं. धक्का ओळीतून सरसर गेला, शेवटची मुलगी डगमगली, पण जागा कुणाचीच बदलली नाही. मला दाखवायचं होतं ते हेच. प्रवास ऊर्जेचा होतो, माध्यम जागच्या जागी झुलून थांबतं. मग हातांत हात गुंफायला लावले आणि पहिल्याला पुढे वाकवलं. वाकणं एकेकाला ओढत हळूहळू पलीकडे पोचलं. शेवटी हात सोडायला सांगितले. आता खांद्याचा धक्का जात होता, वाकणं मात्र पहिल्यापाशीच संपत होतं. द्रवाचे कण एकमेकांना असं आडवं ओढू शकत नाहीत, म्हणून अवतरंग द्रवातून जात नाही.

एवढ्याशा गोष्टीच्या आधारानं माणसानं पृथ्वीचं पोट तपासलं. ही गोष्ट सांगताना मी दरवेळी भारावते. आसामात 12 जून 1897 रोजी मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला आणि दूरच्या देशांतल्या नोंदींमध्ये हे तरंग वेगवेगळे ओळखले. 1906 साली त्यांनी, तरंग पोचायला लागणाऱ्या वेळावरून, पृथ्वीच्या आत वेगळा गाभा असल्याचं मांडलं. गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आहे हे हॅरोल्ड जेफ्रीज यांनी 1926 मध्ये दाखवलं. तिथवर कुणी खणत गेलं नव्हतं. आमच्या गोठण्याला संशोधनासाठी पाडलेलं भोकही सुमारे तीनच किलोमीटर खोल आहे. सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर तिथे ग्रॅनाइट लागला.

मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मोठा भूकंप जास्त जोरात येतो, म्हणजे लवकर येतो का? नाही. वेग खडक ठरवतो, आयाम नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या मोठ्या भूकंपात जे तरंग आले ते आजच्या बारक्या हादऱ्यांच्याच वेगानं आले. फरक होता तो ऊर्जेचा. त्या पहाटे पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या हकिकतींमध्येही क्रम तोच असतो: आधी आवाज, मग घर अंगावर. दगडमातीची भिंत वरून येणारं वजन पिढ्यान्‌पिढ्या पेलते, पण आडवा हिसका तिला सोसत नाही. म्हणून मागाहून येणारा अवतरंगच बहुधा घरं पाडतो. जपानमध्ये यंत्रं पहिला तरंग टिपून लोकांना दुसऱ्याची सूचना देतात. उगमाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आमच्या वाट्याला एक-दोन सेकंदच येतात. तेवढ्यात सूचना देऊन काही साधेल असं मला वाटत नाही. आम्हाला उपयोग आहे तो घराच्या चार कोपऱ्यांना आणि दारा-खिडक्यांच्या वरून फिरणाऱ्या सळईच्या पट्ट्याचा. घर बांधायला काढलेल्या पालकांना मी हे आवर्जून सांगते, मुलाचा अभ्यास विचारायला आले असले तरी.

"मग शिवसागराच्या पाण्यावरची लाट कशात धरायची?" असंही एकानं कोयना धरणाच्या जलाशयाबद्दल विचारलं. दोन्हींत नाही. तिथे पाण्याचा कण वर, पुढे, खाली, मागे असा फेरा घेतो आणि खोल जावं तसा फेरा लहान होत जातो. जमिनीच्या पृष्ठावरूनही तशा जातीचे तरंग जाऊ शकतात हे लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्येच गणितानं मांडलं होतं.

आता वर्गात एक वही असते. तारीख, वेळ, गाव, आवाज आला का, मधले सेकंद किती. पुढे एका मुलीनं तीत आणखी एक रकाना आखायला लावला: झोपेत होता की जागे? तिचं म्हणणं असं की झोपलेल्याला पहिल्या तरंगानंच जाग येते, तोवर मोजणी सुरू व्हायला उशीर होतो आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी निघतं. तिचं बरोबर होतं. आम्ही जुन्या नोंदी पुन्हा पाहिल्या आणि रात्रीचे आकडे वेगळे काढले.