आठाचा नऊ झाला तेव्हा

आमच्या कोकणातल्या गावात पावसाळा सरला की मोहल्ल्यातल्या मोकळ्या कोर्टवर बॅडमिंटन सुरू होते. वारा पडला पाहिजे म्हणून खेळ रंगतो तो इशाच्या नमाजनंतर. आम्ही दोघे भाऊ. एक शाळेत शिकवतो, दुसऱ्याचे टीव्ही-पंखे दुरुस्तीचे दुकान आहे. क्लबच्या मुलांनी एकदा गळ घातली, "सर, फळ्यावरचा स्कोअर लांबून दिसत नाही. लाइटचा बोर्ड करून द्या ना!"

आम्ही हौसेने कामाला लागलो. गेम 21 पॉइंटचा, 20-20 झाले तर दोन पॉइंटांची आघाडी हवी आणि 30 वर सगळे संपते. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन आकडे पुरे. सात रेषांतून कोणताही आकडा उमटतो. प्रत्येक रेषेत एलईडीची एक माळ बसवली, रिमोट जोडला आणि बोर्ड खांबावर चढवला. सगळ्यांनी वाहवा केली.

पावसाळाभर तो बोर्ड तिथेच राहिला. दुसऱ्या वर्षीच्या फायनलला 18-18 झाले आणि अचानक एका बाजूला 19 दिसू लागले. पुढचा पॉइंट त्याच बाजूने घेतला, तरी बोर्ड 19 वरच! "आमचा पॉइंट खाल्ला," असा ओरडा झाला. रिमोट नववीतल्या एका मुलाच्या हातात होता. लोक त्यालाच बेइमान म्हणू लागले. तो रडवेला होऊन आमच्याकडे आला. "सर, अल्लाहशपथ, मी बटण दाबलं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बोर्ड उघडला. वायर वरच्या भोकातून आत घेतली होती. तिच्यावरून पाणी ओघळत आत गेले होते. खाऱ्या हवेने एक डाग गंजून सुटला होता. माळेतला एक जोड तुटला की सगळी रेष विझते. आठाची खालची डावी रेष विझली की तो हुबेहूब नऊ दिसतो. बोर्ड पूर्ण बंद पडला असता तर भांडण झालेच नसते. तो चालू राहून खोटे बोलला, आणि त्याचा आळ एका पोरावर आला.

चूक आमची होती. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर टेबलावर बोर्ड ठेवला आणि सर्वांसमोर आठाचा नऊ करून दाखवला. आम्ही म्हणालो, "या मुलाने बटण बरोबर दाबले होते. काम आमचे कच्चे होते." एक बुजुर्ग चाचा पुढे आले आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, माफ कर आम्हाला."

मग नवा बोर्ड केला. वायर आता खालून येते, तीही आधी खाली झोल देऊन, म्हणजे पाणी झोलातूनच गळून जाते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, सर्किटवर वॉर्निशचा हात. पेटी नुसती बंद करूनही भागत नाही. दिवसा तापलेली हवा रात्री निवते आणि आत दमट हवा ओढून घेते. म्हणून तळाशी बारीक भोके ठेवून त्यांना जाळी लावली. मुले खेळतात तिथे 230 व्होल्ट नको, म्हणून वीज क्लबच्या खोलीतच 12 व्होल्ट करून जाड वायरने कोर्टवर आणली. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक रेषेत दोन वेगळ्या माळा घातल्या. एक गेली तर रेष मंद होते, पण विझत नाही. आणि गेम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना 88 पेटतो. सगळ्या रेषा जाग्या आहेत का, हे दोन्ही संघ पाहून घेतात.

कुरआनात मापात मारणाऱ्यांना कडक ताकीद आहे. आम्ही ती नेहमी वाण्याच्या तराजूपुरतीच धरत होतो. पण लोक ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, ती प्रत्येक वस्तू तराजूच आहे, मग ती पेपरातल्या गुणांची बेरीज असो की खांबावरचा बोर्ड. बनवणाऱ्याची नियत साफ असून चालत नाही, कामही पक्के लागते.

या हंगामात रिमोट पुन्हा त्याच मुलाच्या हातात आहे. 88 पेटला की तो आधी आमच्याकडे बघतो, मग शिटी वाजवतो.