चंपीचे डोहाळे

चंपीला दिवस गेले आणि आमच्या चऱ्होलीच्या घरात कौतुकाला ऊत आला. पण तिच्या अंगावर पिसवा झाल्या. बिचारी रात्रभर खाजवीत बसे. शेजारच्या आजींनी गोठ्यात मारायची पावडर दिली. मी ती चोळणार, तोच सौ. कडाडली, "अहो, पोटातल्यांनी काय पाप केलंय?"

मी वरमलो आणि गुरांच्या डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, "कुत्रीचे दिवस साधारण ६३. एवढ्या दिवसांत विचारल्यावाचून काही लावू नका. ती अंग चाटते, विष पोटात जाते. शिवाय अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी गळून पडतात ती अंथरुणात. ती राहिली, तर उद्या पिल्लांचे रक्त पितील."

गाभणीला चालेल असे औषध त्यांनी दिले. आम्ही रोज बारीक फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवू लागलो. तिचे गोणपाट कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकले, कोपरे झाडले.

यथाकाल चंपी व्याली. पाच पिल्ले! शेजारी आळंदीला लोक माउलीच्या दर्शनाला जातात. आम्ही आमच्या माउलीपुढे ओसरीवरच बसलो. तो पावडरीचा डबा आठवला, की अजून माझा हात कापतो.