हात लावायचा नाही!

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेलच, पुसायची आपण आणि लावायची ‘ह्यांनी’! आमच्याकडे तो मान १९७८ सालच्या जपानी स्टिरिओ रिसीव्हरचा. चंदेरी तोंडाचा, मला एकटीला उचलणार नाही इतका जड. हे होते तोवर मी त्याला हात लावला तो फडक्यानेच.

हे गेले आणि मुलगा म्हणाला, “आई, भंगारात देऊ. वीस हजारांत नवा येतो, मोबाईलवरची गाणी वाजवतो.” खोटं नव्हतं ते. जुन्याची डावी बाजू मुकी, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर. पण गीतरामायणाच्या तबकड्यांचं काय? सुईकडून येणारा आवाज अगदी क्षीण; तो वाढवायची ‘फोनो’ची सोय ह्या जुन्यात आतच आहे. नव्यात ती आहे ना, हे विचारूनच पैसे मोजा, नाहीतर वेगळी डबी घ्यावी लागते.

शेवटी मीच कारागीर गाठला. खरखर निव्वळ मळाची निघाली. वाळलेले कपॅसिटर मात्र बदलावे लागले, तेव्हा कुठे डावी बाजू बोलू लागली. साडेचार हजार झाले, माझ्या भिशीतले! मोबाईलसाठी मागच्या ‘ऑक्स’ला ब्लूटूथची डबी जोडली. जाणता कारागीर जवळ नसेल तर मात्र बाई, नवाच घ्या. आणि जुना घुमू लागला, जळका वास आला, तर तसाच रेटू नका.

आता संध्याकाळी मीच लावते. परवा सून म्हणाली, “आई, आवाज जरा कमी करता?”

केला. जरासाच!