गाड्यांचा कोंडवाडा

पालघरहून बोईसरला जाणारा रस्ता फार लांबचा नाही. पालघरच्या हुतात्मा चौकातून निघाले की थोड्याच वेळात कोळगावला जिल्ह्याच्या मोठ्या कचेऱ्या दिसतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, त्यानंतरचे हे बांधकाम. पुढे उमरोळी लागते. पावसाळ्यात दोन्ही अंगांना भाताची खाचरे हिरवीगार डोलत असतात. बोईसर जवळ आले की देखावा पालटतो. तारापूरची औद्योगिक वसाहत इथलीच. किनाऱ्याकडे गेले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आहे. पूर्वेकडचा रस्ता चिल्हार फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. त्यामुळे ट्रक, टँकर, टेम्पो, रिक्षा आणि मोटारसायकली यांची इथे जत्रा भरलेली असते.

एवढ्या गाड्या म्हटल्या की त्यातल्या काही अडकणारच. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात डोकावून पाहा. भिंतीकडेला मोटारसायकली एकमेकींना टेकून उभ्या असतात. चाके जमिनीत रुतलेली, सीट फाटलेली, हँडलवर रानवेल चढलेली. इथे तर समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस. लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. त्यातली एखादी गाडी कुणा भाजीवाल्याची असते, एखादी मासे नेणाऱ्याची, एखादी कर्ज काढून घेतलेली. घरातला कमावता बैल गोठ्यातून जावा आणि वर्षभर परत येऊ नये, तसेच हे.

जुन्या माणसांना हे पाहून कोंडवाडा आठवेल. मोकाट गुरे दुसऱ्याच्या पिकात शिरली की त्यांना कोंडवाड्यात घालायचे, हा रिवाज आपल्याला परका नाही. त्यासाठी इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला. पुढे आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही कोंडवाड्याचे प्रकरण आले. १८७१ च्या त्या कायद्यात एक न्याय होता. कोंडवाडेवाल्याने गुरांची नोंद वहीत करायची, आणून देणाऱ्याला त्या नोंदीची नक्कल द्यायची, गुरांना चारापाणी करायचे. धन्याने दंड व चाऱ्याचा खर्च भरला की जनावर परत. धनी आलाच नाही तर जाहीर लिलाव. खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम धन्याची. आणि त्या लिलावात कोंडवाडेवाल्याने स्वतः जनावर विकत घ्यायचे नाही! चारा खाऊ घालणाऱ्यालाच जनावराचा मोह पडू नये, एवढा विचार त्यात होता.

आजच्या गाड्यांच्या कोंडवाड्यालाही कायदा आहे. फरक इतकाच की गुरांचा कायदा गावात सर्वांच्या तोंडपाठ होता, गाड्यांचा कुणालाच ठाऊक नसतो. इथेच घोडे पेंड खाते.

गाडी अडकते ती मुख्यतः तीन वाटांनी.

पहिली वाट बाजारपेठेतली. पालघर किंवा बोईसर स्टेशनाजवळ मनाई असलेल्या जागी गाडी लावली आणि परत येऊन पाहतो तो जागा रिकामी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७ प्रमाणे मनाईच्या जागी लावलेली, किंवा सार्वजनिक जागी १० तास वा अधिक बेवारस सोडलेली गाडी उचलून नेता येते. पण तसा हुकूम त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा असतो. क्रेनवाल्या पोऱ्याला आपल्या मर्जीने गाडी उचलता येत नाही. उचलण्याचा खर्च मात्र मालकाच्या माथी, आणि दंड वेगळा. म्हणून पैसे भरताना दंड किती आणि उचलण्याचे किती हे विचारावे, आणि दोन्हींची पावती घ्यावी. पावती नाही म्हणणाऱ्याला नम्रपणे पण ठामपणे पुन्हा विचारावे.

दुसरी वाट कागदांची. नोंदणी नाही, चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही, किंवा भाड्याच्या गाडीला परमिट नाही, तर कलम २०७ खाली गाडी अडकवता येते. अडकवली तर ती तात्पुरती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करणे हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. लायसन्सपुरतीच तक्रार असेल तर गाडीऐवजी नोंदणीचे पुस्तक ठेवून घेऊन त्याची पोच देण्याची मुभाही अधिकाऱ्याला आहे. बहाडोलीची जांभळे किंवा सातपाटीचे पापलेट भरलेला टेम्पो असेल, तर माल दुपारपर्यंत नासतो. अशा वेळी हुज्जत घालण्यापेक्षा ही मुभा सांगून विनंती करावी. गाडी अडकलीच तर कागद घेऊन परिवहन अधिकाऱ्याकडे किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सुटकेचा अर्ज करता येतो.

तिसरी वाट सर्वांत दुःखाची, ती अपघाताची किंवा गुन्ह्याची. मनोर, चिल्हार, चारोटी या पट्ट्यात महामार्गावर अपघात नवे नाहीत. अपघातातली गाडी तपासणीसाठी हलवली, तर ती कुठे नेली हे मालकाला कळवले पाहिजे आणि सोपस्कार पुरे झाल्यावर २४ तासांत परत दिली पाहिजे, असे कलम १३६ सांगते. गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून गाडी जप्त असेल तर कोर्टात जावे लागते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण इथे पायरी न चढणाऱ्याचीच गाडी सडते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितले की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षे पाडून ठेवण्यात अर्थ नाही. पंचनामा करावा, फोटो काढावेत, हमीपत्र व जामीन घेऊन गाडी योग्य माणसाच्या हवाली करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर मुदतच घातली आहे. माल कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याची यादी, मग फोटो, आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याचे काय करायचे याचा हुकूम. तरीही अर्ज मालकानेच करायचा असतो. सोबत नोंदणीचे पुस्तक, विम्याचा कागद आणि ओळखपत्र लागते. अनेकांची गाडी नुसत्या दुसऱ्याच्या नावावर राहिल्यामुळे अडकून पडते. जुनी मोटारसायकल तोंडी व्यवहाराने घेतलेली, विकणारा आता गुजरातेत. म्हणून गाडी घेतली की नाव बदलून घेणे हे सातबाऱ्यावर नाव चढवण्याइतकेच निकडीचे समजावे.

गाड्या उचलण्यालाच नावे ठेवणेही बरोबर नव्हे. रात्री महामार्गावर बंद पडलेला, मागे दिवा नसलेला ट्रेलर म्हणजे उभा काळ. अशी धोक्याची गाडी ताबडतोब हलवण्याचा हुकूम पोलिसांना देता येतो, आणि तो दिलाच पाहिजे. आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही मागे लाल चकचकीत पट्ट्या आहेत का, हे आधी पाहावे. वाटेत गाडी बंद पडली तर घाबरू नये. रहदारीला अडथळा केल्याच्या कलम २०१ मध्ये २०१९ साली सुधारणा झाली. अचानक बिघडलेली आणि हलवण्याची खटपट चालू असलेली गाडी त्या दंडातून वगळली आहे. म्हणून गाडी सोडून जाऊ नये. मागे खूण ठेवावी, मेकॅनिक किंवा क्रेन बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पोलिसांसाठी ११२. खासगी क्रेन आलीच तर दोरी बांधण्याआधी भाडे ठरवावे आणि गाडी कुठे नेणार हे विचारून घ्यावे. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बोईसरहून पास्थळ, कुरगाव करीत तारापूरला पोहोचले की खाडीचा वारा अंगाला लागतो आणि गजबज मागे पडते. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. उद्या या रस्त्यांवर गाड्या आणखी वाढतील, आणि अडकणाऱ्याही. त्यांना ठेवायला जागा लागेल, क्रेन लागतील, त्यांचे दर लागतील. ते दर पाटीवर मराठीत लिहिलेले असावेत, प्रत्येक गाडीची नोंद व्हावी, आणि राखणदाराने लिलावात बोली लावू नये, एवढे ग्रामसभांनी आणि नगरपालिकांनी मागून घ्यायला हरकत नाही. मुक्या गुरांसाठी जे दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिले गेले, ते गाडीच्या धन्याला मिळणे जास्तीचे नाही.

आणि ज्यांची गाडी आज कुठल्या आवारात उभी आहे, त्यांनी पावसाळ्याची वाट पाहू नये. एका फायलीत कागद लावावेत आणि उद्याच अर्ज द्यावा.